सत्तावन्न मिलिमीटरचं भोक

काटेमास्तरांच्या जेवणाच्या टेबलावर आठ दिवस दोन यंत्रं मांडून ठेवली होती, आणि आठ दिवस घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवत होती. बायको एकदाच म्हणाली, "यंत्रांना वाढू का आधी?" मास्तरांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्या बाबतीत या दोन गोष्टींतला फरक ओळखणं अलीकडे अवघड झालं होतं. ते पुढे येईलच.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचे, तपासायचे आणि बरोबर असतील तर त्यावर सील लावायचं, हा त्यांचा धंदा. तीस वर्षं तेच केल्यामुळे खरं नाव कुठल्या कुठे गेलं होतं. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचून आधी शेजारच्या जिन्यात जायचा. माणूस इतका काटेकोर की बायकोने चहात साखर कमी घातली तर "दीड ग्रॅम" म्हणून सांगायचा, आणि बायको "मग दीड ग्रॅम उठून घ्या" म्हणायची.

असा हा जमिनीला वजनाने धरून बसलेला माणूस रविवारी हवेत असतो, असं सांगितलं की नवखा हसतो. पण खरंच असायचा. गावाबाहेरच्या मैदानावर ग्लायडरचा क्लब होता. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. एका लांबलचक दोराने त्याला पतंगासारखं वर ओढतात, मग दोर सुटतो आणि पुढचं सगळं हवेच्या मर्जीवर. तापलेली हवा जिथे वर चढते तिथे गोल गोल घिरट्या घालायच्या आणि तिच्याबरोबर वर जायचं. घारी करतात तेच, फक्त घारींना परवाना लागत नाही.

मास्तरांचं ग्लायडर अर्धं होतं. उरलेलं अर्धं मेहुणीचं. बायकोची ही धाकटी बहीण दातांची डॉक्टर. तिच्या खुर्चीत बसलेला माणूस बोलू शकत नाही, त्यामुळे दिवसभर एकटीनेच बोलायची सवय तिला लागलेली. पंधरा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून हे जुनं, पुढे-मागे दोन बैठकांचं यंत्र घेतलं. कधी एकटे उडत, कधी दोघं. एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून होता: ग्लायडरमध्ये एक स्क्रूसुद्धा बदलायचा झाला तर कागदावर दोघांच्या सह्या.

आता त्या टेबलावरच्या यंत्रांचं. महिन्याभरापूर्वी मास्तर एकटेच वर असताना चढ-उतार आकड्यांनी दाखवणारा आणि आवाजानेही सांगणारा समोरचा मोठा पडदा एकाएकी काळा पडला. बॅटरीची तार सैल झाली होती. वेग आणि उंची सांगणारे दोन जुने काटे बाजूला होते, म्हणून सुखरूप उतरले. पण आपण चढतोय की उतरतोय हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं. त्या कामाच्या यंत्राला व्हॅरिओ म्हणतात, आणि ग्लायडरवाल्याला त्याच्यावाचून वर राहणं म्हणजे खिसा न चाचपता बाजार करणं. तेव्हा ठरलं की पॅनलमध्ये एक राखीव व्हॅरिओ बसवायचा. पॅनलमध्ये जागा एकच उरली होती, सत्तावन्न मिलिमीटरचं एक गोल भोक. त्यात काय बसवायचं, यावरून दोघांचं आठ दिवस वाजत होतं.

एक होता जुन्या पद्धतीचा, नुसत्या काट्याचा. त्याच्या मागे एक नळी, आणि नळीच्या टोकाला एक थर्मास. थर्मासमधली हवा आत-बाहेर होते तसा काटा वर-खाली होतो. ना वीज, ना बॅटरी. दुसरा होता एक छोटासा डबा. स्वतःचा सेल पोटात घेऊन बसलेला. त्यालाही इवलासा काटा होता, पण त्याचं खरं काम आवाजाचं. चढायला लागलं की तो टी-टी करायचा. जितकं जोरात चढणं तितका आवाज बारीक आणि घाईचा.

"काटा खोटं बोलत नाही," मास्तर म्हणायचे.

"काटा बोलतच नाही भावोजी, तीच तर अडचण आहे," मेहुणी म्हणायची. "बोलणारं यंत्र असलं की डोळे बाहेर राहतात. एकाच हवेत चार-चार ग्लायडर फिरत असतात. तुम्ही काट्याकडे बघत बसाल आणि कुणीतरी तुमच्या मांडीवर येऊन बसेल."

"तीस वर्षं काटे बघतोय. क्षणभर नजर टाकली की पुरे होतं मला."

सगळ्यांना हे पटायचं. वजनकाट्यांच्या माणसाने काट्याची बाजू घेतली तर नवल ते काय! क्लबमधले लोकही म्हणायचे, मास्तर आणि काटा, लग्नाच्या गाठी आहेत त्या. आणि मास्तर नुसते हसायचे, कारण झाकली मूठ झाकलेलीच बरी होती.

खरी गोष्ट अशी की मास्तरांना तो टी-टी आवाज ऐकूच येत नव्हता.

दोन वर्षं झाली असतील. आधी कपडे धुण्याचं यंत्र काम संपल्यावर ओरडायचं बंद झालं. मास्तरांना वाटलं बिघडलं. मग ताप मोजायचं यंत्र गप्प झालं. मग पाखरं. माणसांचं बोलणं येत होतं, रस्त्यावरचा गोंगाट येत होता, बायकोचं तर येतच होतं. फक्त बारीक, उंच आवाज कुणीतरी एकेक करून उचलून नेले होते. आणि हवेत गेल्यावर मास्तर पडद्याकडे टक लावून बसायला लागले, कारण कानाने कळत नव्हतं ते डोळ्यांनी जाणून घ्यावं लागत होतं. गेल्या हंगामात एक पिवळं ग्लायडर त्यांच्या डोक्यावरून इतक्या जवळून गेलं की त्याच्या पोटावरचा चिखल दिसला. उतरल्यावर मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं, सूर्य डोळ्यांवर आला. घरी येऊन मात्र दोन दिवस त्यांना जेवण गेलं नव्हतं. सांगितलं तर उडणं जाईल, आणि नाही सांगितलं तर कधीतरी कुणाचा तरी जीव जाईल. आणि मागच्या बैठकीवर बहुतेक वेळा मेहुणीच असायची.

रविवारी क्लबचा तपासनीस वार्षिक तपासणीला यायचा होता. त्याच्या आत त्या भोकाचा निकाल लागायला हवा होता. गुरुवारी मेहुणी दवाखाना लवकर बंद करून आली आणि म्हणाली, "चला, वाद पुरे. दोन्ही चालवून बघू."

"जमिनीवर कसं बघणार?"

"तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे की."

व्हॅरिओला काय, चढणं म्हणजे चढणं. विमान असो नाहीतर आठ मजल्यांची लिफ्ट. तेव्हा संध्याकाळी पाच वाजता, माणसं घरी परतायच्या ऐन वेळेला, काटेमास्तर एका हातात काट्याचा व्हॅरिओ आणि काखेत थर्मास घेऊन, आणि त्यांची मेहुणी हातात तो डबा घेऊन लिफ्टमध्ये उभे राहिले आणि खाली-वर करू लागले. बिल्डिंगमध्ये यावर किती प्रकारच्या चर्चा झाल्या, ते विचारू नका. दुसऱ्या मजल्यावरच्या एका शहाण्याने तर विचारलं, "मास्तर, चहा प्यायला गच्ची आहे ना?"

तीन फेऱ्या झाल्या. दोन्ही काटे अगदी जोडीने चढत होते, जोडीने उतरत होते. चौथ्या फेरीला तळमजल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पिशवी घेऊन आत आल्या. लिफ्ट निघाली, डबा ओरडायला लागला, आणि आजींनी तळहात कानावर धरला. मेहुणीने गुपचूप आवाजाचं बटण शून्यावर फिरवलं. मास्तर तेव्हा वाकून थर्मासचं बूच घट्ट करत होते. त्यांनी ते पाहिलं नाही.

आजी तिसऱ्यावर उतरल्या. लिफ्ट पुढे निघाली. मास्तर काट्याकडे बघत म्हणाले, "बघ. आमचा गडी कसा शांतपणे काम करतो. नाहीतर तुझं हे. नुसती टी-टी, टी-टी! कान किटले माझे."

मेहुणीने हातातल्या डब्याच्या बटणाकडे बघितलं. ते अजून शून्यावरच होतं. आठवा मजला आला, दार उघडलं. बाहेर पडायच्या ऐवजी ती तिथेच उभी राहिली.

"भावोजी, हे बंद आहे."

"हो, आत्ता केलंस ना."

"आजी होत्या तेव्हा केलं. तिसऱ्याच्या आधी."

दार आपोआप मिटलं. खालून कुणीतरी लिफ्ट बोलावली होती, आणि दोघं थर्माससकट खाली निघाले.

"मी आपलं... आधीचं म्हणत होतो," मास्तर म्हणाले.

"कधीपासून?"

"कसलं कधीपासून?"

"भावोजी, माझ्या खुर्चीत रोज वीस माणसं बसतात आणि कुठेही दुखत नाही म्हणतात. कधीपासून?"

पाचव्या मजल्यावर दार उघडलं. एक बाई आत आली. मास्तर आणि मेहुणी दोघंही लग्नाच्या फोटोत असल्यासारखे हसून उभे राहिले. ती तळाला उतरली. दार मिटल्यावर मेहुणीने स्वतःच आठाचं बटण दाबलं.

"ते पिवळं ग्लायडर," ती म्हणाली. "सूर्य तेव्हा पाठीमागे होता. मी मैदानावरून तेव्हाच बघितलं होतं. म्हटलं, असेल काहीतरी."

मास्तरांनी थर्मास या काखेतून त्या काखेत घेतला.

"सांगितलं असतं तर उडू दिलं असतं का मला कुणी?"

"ठाऊक नाही. पण मला सांगायचं होतंत. मागे मी बसते." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि म्हणूनच मास्तरांना त्यातलं अक्षरन् अक्षर ऐकू आलं. "मी तपासनिसाकडे चहाडी करणार नाही. तुम्ही सांगायचं, रविवारी. तोवर कागदावर माझी सही नाही. काट्यावरही नाही आणि डब्यावरही नाही."

आठव्या मजल्यावर ती उतरली आणि जिन्याने खाली चालत गेली. मास्तर लिफ्टमध्येच उभे. काटा शून्यावर येऊन थरथरत होता.

घरी बायकोने चहा ठेवला. बहीण न भेटता गेली यावरून तिने काय ओळखायचं ते ओळखलं होतं.

"कळलं वाटतं तिला," ती म्हणाली.

मास्तर कप उचलता उचलता थांबले. "तुला ठाऊक होतं?"

"धुण्याचं यंत्र तुमच्या कानाशी बोंब मारतं आणि तुम्ही पेपर वाचत बसता. मला ठाऊक नसेल का? दोन वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून." तिने बशीतला थेंब बोटाने पुसला. "तुम्ही दर रविवारी जाता. मी कधी जाऊ नका म्हटलंय? मी खिडकीत उभी असते. निदान कशाची भीती बाळगायची एवढं तरी सांगा की माणसाला."

मास्तरांनी त्या दिवशी चहा साखर न तोलता प्यायला.

शुक्रवार चिडचिडीत गेला. मेहुणीचा राग आला, बायकोचा आला, आजींचा तर फारच आला. कुणी मेलं कानावर हात धरायला सांगितलं होतं! मग मनात हिशेब सुरू झाले. सांगू, पण अर्धंच सांगू. थोडं कमी ऐकू येतं म्हणू. सर्दी म्हणू. काट्याचा व्हॅरिओ बसवून घेऊ आणि नजर भराभर फिरवायची सवय करू. सवयीने काय होत नाही?

शनिवारी सकाळी ते बाजारात एका किराणा दुकानदाराच्या काट्याला बसले होते. जुनं गिऱ्हाईक. काटा दर किलोला वीस ग्रॅम जास्त दाखवत होता. मास्तरांनी सील काढलं तसा दुकानदार गयावया करू लागला.

"मास्तर, राहू द्या ना. मला ठाऊक आहे तो किती जास्त दाखवतो. देताना मी मनात वजा करतो."

"तुला ठाऊक असेल. समोरच्याला कुठे ठाऊक आहे?"

हे वाक्य मास्तरांनी तीस वर्षांत काही हजार वेळा म्हटलं असेल. पण त्या दिवशी ते म्हणून झाल्यावर त्यांचा हात तसाच राहिला, स्क्रू ड्रायव्हर स्क्रूच्या खाचेत. दुकानदाराला वाटलं मास्तर विरघळले. तो घाईघाईने म्हणाला, "वीसच ग्रॅमचा तर प्रश्न आहे."

"हो रे," मास्तर म्हणाले. "वीसचाच आहे." आणि त्यांनी काटा खोलला.

रविवारी हँगरमध्ये ग्लायडर पंख पसरून उभं होतं आणि तपासनीस त्याच्या पोटात डोकं घालून बसला होता. सगळा क्लब त्याला टॉर्चवाले म्हणायचा, कारण भर दुपारीही तो टॉर्चशिवाय बोलत नसे. बाहेर आला, कागद पुढे केला आणि म्हणाला, "राखीव व्हॅरिओ कुठला? ठरलं का?"

मेहुणी पंखाच्या टोकाशी उभी होती. बघत होती ती चाकाकडे.

"त्याआधी एक लिहा," मास्तर म्हणाले. "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. दोन वर्षं झाली. मोठ्या पडद्याचाही येत नाही. पिवळ्याच्या वेळी सूर्य नव्हता, मी पडद्यात बघत होतो."

हँगरमधली चार माणसं आपापल्या कामात एकदम फार रमली. टॉर्चवाल्यांनी सवयीने टॉर्च मास्तरांच्या तोंडावर धरला, मग विझवला.

"बरं केलंत," ते म्हणाले. "उशिरा केलंत, पण बरं केलंत. आधी कान तपासून या. मग प्रशिक्षकाबरोबर एक उड्डाण. तोवर जमिनीवर. आणि हे भोक?"

मेहुणी जवळ आली. "माझे कान शाबूत आहेत. मला दोन्ही चालतील. भावोजी सांगतील ते."

मास्तर पॅनलकडे वाकले. त्या भोकातून पलीकडच्या तारा दिसत होत्या. आठ दिवस ते काट्यासाठी भांडले होते, आणि काटा आता मागितला असता तर मिळाला असता.

"डबा," ते म्हणाले. "काटा बसवला तर मी त्याच्याकडेच बघत बसेन. माझी खोड मला ठाऊक आहे."

"पण तो तुम्हाला ऐकू येत नाही," टॉर्चवाले म्हणाले.

"आवाजाची पट्टी खाली आणता येते त्याची. पुस्तकात लिहिलंय. मला कुठवर ऐकू येतं ते एकदा मोजून आणतो."

मेहुणीने पेन मागितलं आणि सही केली.

कानाच्या डॉक्टरकडे एका काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या कानात आवाज सोडले. ऐकू आला की बटण दाबायचं. नक्की ऐकू आलं नसेल तिथे मास्तरांनी अंदाजाने बटण दाबलं नाही. कागदावर एक रेघ आली. निम्म्यापर्यंत सपाट आणि मग कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली. डॉक्टर समजावून सांगायला लागला तर मास्तरांनीच त्याला आकडे विचारून भंडावलं. कानात यंत्र घालावं लागेल असं तो म्हणाला. "बघू," मास्तर म्हणाले. बायकोने बाहेरच्या खिडकीवर तारीखही घेऊन टाकली होती.

डब्याची पट्टी खाली आणता आणता दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी जमलं तेव्हा मेहुणी म्हणाली, "अगंबाई, हे काय, रेडा घोरतोय का?" पण मास्तरांना ते ऐकू आलं. हवा जोरात चढवायला लागली की आवाज वर जात जात एका ठिकाणी त्यांच्यासाठी संपायचा, ते मात्र काही केल्या टळेना.

प्रशिक्षकाबरोबरचं उड्डाण ठरलं त्या दिवशी ऊन कडक होतं, हवा चांगली. मागे बसायच्या आधी प्रशिक्षकाने वाकून मोठ्या पडद्यावर स्वतःची टोपी अडकवली. डब्याच्या इवल्या काट्यावर चिकटपट्टी. वर गेल्यावर दोर सुटला. थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग खालून ढकलल्यासारखं झालं आणि डबा घोरायला लागला. मास्तर वळले. मान बाहेर. एक पांढरं ग्लायडर समोरच्या बाजूने त्याच हवेत फिरत होतं; त्याच्या पंखावरचं ऊन चमकायचं, विझायचं.

आवाज चढत गेला. चढत चढत एकदम नाहीसा झाला. दोन वर्षं अशा वेळी त्यांची मान खाली गेली होती. आताही मानेला सवय आठवली, पण खाली बघायला टोपी होती.

"आता काय ऐकू येतंय?" मागून प्रशिक्षकाने विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले.

"मग?"

"मग फार चांगलं चाललं असणार. किंवा मग चढणंच थांबलं असेल. अजून बुडाखालून रेटा लागतोय, म्हणजे चांगलंच."

"पांढरं कुठे आहे?"

"डावीकडे. थोडं खाली. त्याने आपल्याला बघितलंय."

प्रशिक्षकाने मान वळवून पांढरं स्वतः बघून घेतलं. मग म्हणाला, "आणखी दोन फेऱ्या घ्या."

उतरल्यावर त्याने कागदावर शेरा लिहिला. दुसऱ्या वैमानिकाबरोबर उडायला हरकत नाही; एकट्याने नाही. मास्तरांनी तो दोनदा वाचला. एकटं वर असण्यात काय असतं, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. तिथे त्यांना कुणी मास्तर म्हणत नव्हतं आणि कुणाचं काही तोलायचं नव्हतं. ते गेलं. कागदाची घडी घालायला त्यांना जरा वेळ लागला.

मेहुणी धावपट्टीच्या कडेला हेल्मेटसारखी टोपी घालून उभी होती. तिने कागद हातातून ओढून घेतला, वाचला, परत दिला.

"म्हणजे आता जन्मभर माझी बडबड ऐकायची."

"तेवढी ऐकू येते," मास्तर म्हणाले. "डॉक्टरने मोजून सांगितलंय."

"चला मग. हवा आहे अजून तासभर. पुढे कोण बसतंय?"

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, मग ग्लायडरकडे. "तू बस," ते म्हणाले, आणि मागच्या बैठकीचे पट्टे सैल करायला वाकले.